मागच्याचं पीठ

चक्कीवाल्या मामाजींइतका पांढरा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात नसेल. मुळात ते चांगले सावळे. पण सकाळी चक्कीचा पट्टा फिरू लागला की तासाभरात त्यांच्या भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सदऱ्याची बटणं, सगळं पांढरं होऊन जाई आणि दिवसभर फक्त डोळे तेवढे काळे दिसत. एकदा गल्लीतल्या लग्नात ते अंघोळ करून, स्वच्छ टोपी घालून आले, तर पंगतीत वाढणाऱ्या मुलाने त्यांना नवरीकडचा पाहुणा समजून आग्रह करकरून दोन जिलब्या जास्त वाढल्या. मामाजींनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाचं दळण दळताना म्हणाले, "काल तू ओळखलं नाई म्हनून पोटभर जेवलो, बाप्पा."

ते माझे नात्याचे कोणी नव्हेत. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि हिंगणघाटच्या आमच्या गल्लीतल्या साऱ्या सुना त्यांनाही मामाजीच म्हणत. मी लग्न होऊन आष्टीकडून इथे आले तेव्हा मला चार माणसांत बोलायची फार लाज वाटे. दुकानात गेले तर साखर मागायचीही पंचाईत. चक्कीवर जायला मात्र मला आवडे, कारण तिथे त्या घरघरीत कोणालाच बोलता येत नसे. डबा ठेवायचा आणि भिंतीला टेकून उभं राहायचं. माझ्यासारखीला याहून चांगली जागा गावात नव्हती.

मामाजींच्या चक्कीवर माणसांची रांग नसे, डब्यांची असे. ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. डब्याचा धनी घरी जाऊन झोपला तरी चालेल, डबा आपला पुढे सरकत राही. आमची गल्ली झाडायला नगरपरिषदेच्या अक्का यायच्या. त्या पहाटे झाडू लावता लावताच डबा ठेवून जात, म्हणून त्यांचा नंबर नेहमी पहिला. कोपऱ्यावरच्या मोठ्या घरातल्या काकूंना हे खुपे. चक्कीची जागा त्यांच्याच मालकीची होती. एकदा त्यांनी आपला डबा उचलून अक्कांच्या डब्यापुढे ठेवला. मामाजींनी चक्की बंद केली. घरघर थांबल्यावर एवढी शांतता झाली की माझ्याच बांगड्यांचा आवाज मला ऐकू आला. मामाजी म्हणाले, "काकू, डब्याले काय माहीत तो कोनाचा हाय. त्याले उगाच काऊन चालवता?" आणि त्यांनी दोन बोटांनी डबा होता तिथे सरकवला.

पुढे एका संक्रांतीला वॉर्डातल्या नगरसेविकेने हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना एकसारखे स्टीलचे डबे वाण दिले. तेव्हापासून रांगेतले सगळे डबे जुळ्या भावंडांसारखे दिसू लागले. लोक म्हणाले, डब्यांवर नावं लिहा. मामाजी ऐकेनात. "नाव लिव्हलं का आडनाव येते. आडनाव आलं का मागून बाकी सारं येते. नंबर टाका." मग खडूने नंबर टाकायचं काम सुरू झालं, आणि ते माझ्याकडे आलं.

त्याचं कारण त्यांची पाटी. चक्कीच्या दाराशी एक काळी पाटी टांगलेली असे आणि तिच्यावर ते रोज मनात येईल ते लिहीत. पण त्यांचं अक्षर म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या. वाचणारे येत, मान तिरपी करून बघत आणि निघून जात. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, किती शिकल्या?" मी हळूच म्हटलं, "चौथी." ते म्हणाले, "मी तिसरीतून पळालो. मंग तुमीच मोठ्या. घ्या खडू." तेव्हापासून ते वऱ्हाडीत सांगत आणि शाळेत शिकवलं होतं तसं मी लिहीत असे. 'कडुनिंबाला कोणी पाणी घालत नाही, तरी तो सावली सगळ्यांना देतो.' 'कापूस वेचणारीच्या अंगावरच लुगडं फाटकं का?' 'देव उपाशी राहत नाही. शेजारी राहतो, बघून या.' कधी नुसतंच 'आज भारद्वाज दिसला' एवढंच. त्यात काय लिहायचं, असं मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "मले दिसला, लोकाइले नाई दिसला. सांगा लागते ना."

पाखरांवर त्यांचा फार जीव. सांडलेले दाणे संध्याकाळपर्यंत झाडू देत नसत. डाळी दळायची त्यांची दुसरी लहान चक्की होती, तिच्या पट्ट्याच्या जाळीत एकदा चिमणीने घरटं केलं. झालं, ती चक्की बंद. सणाचे दिवस, बायका बेसनासाठी ताटकळलेल्या, आणि मामाजींनी माझ्याकडून पाटीवर लिहून घेतलं, 'आत बाळंतीण आहे. हळू बोला.' शेजारच्या मोठ्या चक्कीच्या आवाजात कोण हळू बोलणार, आणि बोललंच तर ऐकणार कोण. तरी बायका खरोखर खाणाखुणा करू लागल्या. पिल्लं उडून गेली त्या दिवशी मामाजींनी चक्कीवर आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

कोणत्या घरी कोणता सण आहे हे त्यांना पंचांगाआधी कळे. रमजान आला की गादी भरणाऱ्या चाचांची बायको, आमची चाची, भज्यांसाठी हरभऱ्याची डाळ घेऊन येई. महालक्ष्म्यांना आंबिलीची ज्वारी आणि पुरणपोळीचे गहू येत, दिवाळीला चकलीची भाजणी. मामाजी चिमूटभर पीठ बोटांत चोळून सण सांगत. देवाच्या दळणासाठी कोणी म्हटलं तर चक्की झाडून पुसून देत. पण एखाद्या बाईने "हिच्यामागून माझं नको" असं म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "बाई, चक्कीत मागच्याचं मूठभर पीठ राह्यतेच. ते तुमच्या डब्यात येते, तुमचं राह्यते ते पुढच्याच्या. चाळीस वरसापासून साऱ्या गल्लीले एका ताटात जेवू घालून राह्यलो मी, तुमाले आज समजलं का?"

आता माझी चूक सांगते. ती मी आजवर कागदावर लिहिली नव्हती.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी चक्कीवर फार गर्दी होती. गव्हाचे डबे मात्र दोनच, एक मोठ्या घरच्या काकूंचा आणि एक अक्कांचा. बाकी सगळी ज्वारी नि डाळ. दळून झालेल्या डब्यांवर पीठ उडालं होतं. सणाचे डबे स्वच्छ जावेत म्हणून मी ओल्या फडक्याने सगळे चकचकीत पुसले, आणि पुसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की नंबरही पुसले गेले. मामाजींना विचारलं असतं तर त्यांनी झाकण उघडून पीठ बघून सांगितलं असतं. पण इतक्या बायकांपुढे तोंड उघडायची मला लाज वाटली. मी आठवून आठवून नंबर टाकले.

सण झाला. काकू हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगत होत्या की यंदा पुरणपोळी एक फुटली नाही. दोन दिवसांनी अक्का डबा घेऊन चक्कीवर आल्या. तेव्हा मामाजी, मी आणि चाची एवढेच होतो.

"मामाजी, हे माह्यं पीठ नाई," अक्का म्हणाल्या. "माह्या भावाच्या वावरातला गहू लालसर. आज डबा उघडला तं हे पांढरंफेक. मी हात नाई लावला."

मामाजींनी पीठ चिमटीत घेतलं आणि मोठ्या घराकडे पाहिलं. काय झालं ते आम्हा सगळ्यांना कळलं. मी हातातला खडू पदराखाली धरला.

चाची म्हणाली, "पूरन खा लिया, हजम बी हो गया. अब क्या बताते, मामाजी? जगह उनकी है. एक बोल में खाली करवा लेंगे."

"मले तं माह्यंच भेव वाटून राह्यलं," अक्का म्हणाल्या. "मलेच बोलतीन."

मामाजींनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "अक्का, तुमाले कोनी नाई बोलत. नंबराचा हट्ट माह्या, चूक माह्यी. उद्या सकाळी मी जातो सांगाले. नाई सांगितलं तं पाटीवर रोज लिव्हतो कायले?"

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. फडकं माझ्या हातात होतं हे त्यांनी पाहिलं होतं, तरी.

सकाळी चक्की उघडायच्या आत मी तिथे गेले. पाटी बाहेरच असे. खडू घेतला आणि लिहिलं, 'मोठ्या घरचा डबा आणि अक्कांचा डबा माझ्या हातून बदलला. मामाजींची चूक नाही.' खाली माझं नाव लिहिलं. त्या पाटीवर कोणाचं नाव लिहिलं गेलं ते तेवढंच. लिहून झाल्यावर पळून जावंसं वाटत होतं, पण मी पाटीशीच उभी राहिले. मामाजी आले, त्यांनी वाचलं, आणि टोपी सारखी करून माझ्या शेजारी उभे राहिले.

काकू त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाईंना देवळातून घेऊन परतत होत्या. त्या थांबल्या. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"म्हणजे आमच्या महालक्ष्म्यांनी हिचं पीठ खाल्लं?" त्या म्हणाल्या. अक्का रस्त्यापलीकडे झाडू धरून उभ्या होत्या.

"खाल्लं," मामाजी म्हणाले.

सासूबाईंना कमी ऐकू येई. "काय म्हन्ते?" त्यांनी विचारलं. मामाजींनी त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. म्हातारीने थोडा विचार केला. "म्हनूनच पोळी फुटली नाई," ती म्हणाली. "भावाच्या वावरातला गहू तो."

काकूंना हसू आलं नाही. "आता तरी डब्यांवर नावं घाला," त्या मामाजींना म्हणाल्या.

"नाई घालत, काकू. जागा तुमची हाय. खाली करा म्हटलं तं करतो."

काकू सासूबाईंचा हात धरून घरी गेल्या. जागा खाली करायला त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण त्या घरचा डबाही पुन्हा आला नाही. त्यांचं दळण रिक्षातून बाजाराकडच्या चक्कीवर जाऊ लागलं. मामाजी रोज सकाळी कुलूप काढताना एकदा त्या घराकडे बघत. आज सांगतील, उद्या सांगतील, अशी पुढची काही वर्षं गेली. नंबर मात्र चालू राहिले. फक्त मामाजींनी मला ओल्या फडक्याऐवजी कोरडा ब्रश आणून दिला.

मग त्यांचे गुडघे गेले, आणि दमाही बळावला. जाम गावी दिलेली त्यांची मुलगी येऊन म्हणाली, आता पुरे, माझ्याकडे चला. चक्की विकली. ती घेणारा मिस्त्री आला आणि त्याने दगड उघडले, तर दोन दगडांच्या मधून आणि खालच्या डब्यातून परातभर पीठ निघालं. गव्हाचं, ज्वारीचं, डाळीचं, सगळं एक झालेलं. मिस्त्री ते झटकून टाकणार होता. मामाजींनी त्याचा हात धरला. "थांब बाप्पा. हे साऱ्याइचं हाय." मग त्यांनी सांगितलं, ज्याला हवं त्याने वाटी घेऊन यावं.

वाट्यांची रांग लागली. पहिल्या अक्का, मग चाची, मग आणखी बायका, मग मी. मामाजी ओट्यावर बसून मुठीने पीठ घालत होते. माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी वळून पाहिलं, तर काकू. हातात चांदीची वाटी होती. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी बाजूला सरकून त्यांना पुढे जायची खूण केली. त्या म्हणाल्या, "असू दे. तुझा नंबर आधी आहे."

मामाजींनी त्यांच्या वाटीत मूठ रिकामी केली. मामाजींच्या पापण्यांवर पीठ होतं, त्यामुळे डोळ्यांत पाणी आलं होतं की नाही हे सांगता येणार नाही.

त्या पिठाची माझी भाकरी धड थापली गेली नाही, कडेने चिरत गेली. पण आम्ही ती सगळी खाल्ली. पाटी मामाजी मुलीकडे जाताना मला देऊन गेले. ती स्वयंपाकघरात आहे. तिच्यावर मी दुधाचा हिशेब लिहीत नाही. एखाद्या दिवशी भारद्वाज दिसला तर तेवढं लिहिते. जामहून त्यांचा फोन येतो तेव्हा ते चिमण्यांचं विचारतात, आणि मी आहेत म्हणून सांगते. पूर्वीइतक्या नाहीत, हे सांगत नाही.

आता आमच्याकडे पिशवीतलं पीठ येतं. चांगलं असतं, बारीक, पांढरंशुभ्र. मळताना कधी कधी मी ते उगाच बोटांत चोळून बघते. कुठला सण आहे ते त्यात कळत नाही. त्यात मागच्या कोणाचंच काही येत नाही.