चरससदृश काळा पदार्थ, एक नग

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मी लाखेचे सील तपासून पाकीट उघडले आणि माझा हात थांबला.

सोबतच्या पत्रात लिहिले होते, ‘चांदीच्या डबीत मिळून आलेला चरससदृश काळा पदार्थ, एक नग.’ वेगळ्या पुडीत त्याच नगाचा खरवडलेला चुरा होता. फील्ड किटचा निकाल पॉझिटिव्ह असल्याचे नमूद होते. शेवटच्या ओळीत विनंती होती, की नग मधोमध कापून आतील भागाचीही तपासणी व्हावी.

मी एका सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषक आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या पावडरी, गोळ्या, गांजा, दारू आमच्याकडे येतात. ते नेमके काय आहे, एवढेच आम्ही सांगतो. ते कोणाकडे सापडले, तो माणूस कसा आहे, हे आम्ही विचारत नाही. बहुतेक दिवस हा नियम सोयीचा असतो.

पण हा नग मी ओळखत होते. अकरावी-बारावी मी लातूरला हॉस्टेलवर राहून केली. माझी रूममेट उदगीरच्या लिंगायत घरातली होती. ती रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून असाच काळा, गुळगुळीत, लहान अंड्याएवढा गोळा काढून डाव्या तळहातावर ठेवायची आणि पूजा करायची. त्याला इष्टलिंग म्हणतात. दीक्षेच्या वेळी ते गुरूकडून मिळते आणि आयुष्यभर अंगावर राहते. सगळेच इतके कडक पाळतात असे नाही. ती पाळायची. पूजेआधी पाण्याखेरीज काही घ्यायची नाही. टेस्टच्या दिवशी तिच्यासाठी आम्ही ऑटो थांबवून धरत असू आणि ऑटोवाला आमच्या नावाने ओरडत असे.

पाकीट घेऊन आलेले हवालदार पावतीसाठी समोर बसले होते. नांदेडजवळच्या लोहा गावचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती.

“बोटांना काय झालं, मामा?”

“काय की मॅडम. लई आग होऊन राहिली. फोडं आलेत. ह्यो गोळा किटसाठी ब्लेडनं म्याच खरवडला. तवापासून हाय हे.”

“हे काय आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?”

त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. “माहीत न्हाई कसं? आमच्या गल्लीत निम्मी घरं अप्पा लोकांचीच, लिंगायतांची हायत. सायबाला म्हणलं, साहेब, लिंग हाय ते. साहेब नवे. ते म्हणले, मग किट खोटं बोलतंय का?”

मी न विचारता त्यांनी पुढचेही सांगितले. अमली पदार्थांविरुद्धची विशेष मोहीम चालू होती. रस्त्यावर एसटी थांबवून सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या जात होत्या. डबी ज्यांची, ते मन्मथअप्पा हे रेणापूरचे किराणा दुकानदार. वय साठीच्या पुढे. उमरीला लेकीकडे निघालेले. पिशवी त्यांनी दाखवली. सदऱ्याच्या आतली डबी दाखवायला मात्र ते नाही म्हणाले.

“अप्पा म्हणले, मोठ्या सायबापुढं दाखवतो, माझ्या हातानं दाखवतो, तुम्ही शिवू नका. आमचे साहेब म्हणले, तेवढा टाइम न्हाई. दोघांनी दंड धरले, मॅडम.”

अमली पदार्थविरोधी कायद्याखाली अंगझडती घेण्याआधी पोलिसांनी समोरच्या माणसाला सांगावे लागते, की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुला हक्क आहे. अप्पांना तो कोणी सांगितला नव्हता. त्यांनी तो कोणी न सांगताच मागितला होता.

“आता कुठे आहेत ते?”

“जामीन झाला. माल थोडा दाखवला, त्यामुळं लगेच झाला. पर माणूस जेवंना. पूजा न्हाई तर घास न्हाई म्हणतो. शुगरवाला हाय, इन्सुलिन चालू हाय. सरकारी दवाखान्यात सलाइन लावून ठेवलंय. लेक येऊन आमच्यापुढं रडून राहिली.”

“नवं लिंग घेता येत नाही?”

“जंगमस्वामी आले होते की दवाखान्यात. गुरू त्यांचे. म्हणले, अप्पा, हरवलं समजा, नवं देतो. अप्पा म्हणले, हरवलं न्हाई. नेलंय.”

मी पावती दिली आणि नगाचे वजन केले. ६१.४२ ग्रॅम.

आमच्या उपसंचालकांना सगळे मोठे सर म्हणतात. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, हे इष्टलिंग आहे.”

“असेल. ओळखीवर रिपोर्ट लिहितेस का?”

“नाही. रांगेच्या आधी तपासायची परवानगी हवी आहे.”

“खुनाचे व्हिसेरा थांबलेत. या डबीला काय घाई आहे?”

“ज्यांची आहे ते इन्सुलिनवर आहेत आणि जेवत नाहीत.”

“हे कोणी सांगितलं?”

“हवालदारांनी.”

“म्हणजे ऐकीव.” त्यांनी चष्मा काढला. “दवाखान्यात फोन लाव, खातरजमा कर, लेखी कारण दे. उद्या कोणी म्हणालं की मॅडम देवभोळ्या आहेत, तर उत्तर तू द्यायचं. प्रमोशनची यादी निघायची आहे, लक्षात आहे ना?”

“आहे, सर.”

मी देवभोळी नाही. दवाखान्यातून खातरजमा केली आणि कारण दोन ओळींत लिहिले. त्यात देव हा शब्द नव्हता. रक्तातील साखर आणि उपासमार हे शब्द होते. सरांनी सही केली.

दुपारी मोहिमेच्या उपनिरीक्षकांचा, म्हणजे हवालदारांच्या त्या नव्या साहेबांचा, फोन आला. आवाज तरुण, अत्यंत सभ्य.

“मॅडम, कापून बघितलंत का? आत नक्की काहीतरी आहे.”

“कशावरून?”

“बसमधल्या सगळ्यांनी मुकाट्याने दाखवलं. हा एकटाच नाही म्हणाला.”

“नाही म्हटलं, एवढंच?”

“ज्याच्याकडे काही नसतं तो नाही कशाला म्हणेल? आणि किट पॉझिटिव्ह आहे. माझ्या मनाचं काही नाही त्यात.”

त्यांच्या दृष्टीने हे प्रामाणिक होते. त्यामुळेच मला ते अवघड वाटले. खोटे बोलणाऱ्या माणसाला खोटे पाडता येते. यांचा किटवर विश्वास होता.

किट म्हणजे काय ते सांगते. छोट्या कागदावर किंवा नळीत एक रसायन असते. त्यावर संशयित पदार्थाचा कण टाकायचा. चरस असेल तर लालसर रंग येतो. अडचण अशी, की हे रसायन फिनॉल नावाच्या संयुगांच्या मोठ्या कुटुंबाशी रंग देते आणि चरसातील घटक हे त्या कुटुंबातले काही सदस्य आहेत, एवढेच. म्हणून या चाचणीला प्राथमिक म्हणतात. रंग आला तर प्रयोगशाळेकडे पाठवा, असा तिचा अर्थ. माणूस दोषी आहे, असा नाही.

त्या दिवसांत मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज भरत होते. विषय हाच होता. तिथे पोलीस रस्त्यात गाडी थांबवतात, सीटवर सांडलेले पांढरे कण अशाच स्वस्त किटवर टाकतात. ती कधी साखर निघते, कधी डोकेदुखीची गोळी. पण प्रयोगशाळेचा निकाल यायला वेळ लागतो. जामिनाची ऐपत नसते. नोकरी जाईल, मुले कोण सांभाळील, या धास्तीने माणसे न केलेला गुन्हा कबूल करून मोकळी होतात. तिथल्या कायद्यातही झडतीला नाही म्हणण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात तो वापरणाऱ्यावरच संशय वाढतो. अर्जासोबतचा माझा निबंध अर्धा झाला होता. त्यात इकडचे एकही उदाहरण नव्हते.

मी पुडीतला चुरा घेतला. नगाला ब्लेड लावण्याची गरज नव्हती. ते काम आधीच झाले होते. गांजाच्या पानाफुलांवर विशिष्ट सूक्ष्म केस असतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसले नाहीत. राख दिसली, काजळी दिसली. मग पदार्थाचे घटक वेगळे करून प्रत्येकाची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर नमुना चढवला.

यंत्र चालू असताना मला हवालदारांची बोटे आठवली. चरस खरवडून फोड येत नाहीत. आपल्याकडे असे फोड आणणारी वस्तू एकच आणि ती सगळ्यांना ठाऊक असते, ती म्हणजे बिब्बा. कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करायला धोबी त्याचे तेल वापरतात. कातडीला लागले की उतते. त्या तेलात फिनॉलच असतात.

यंत्राचा आलेख आला. चरसाचा एकही घटक नव्हता. बिब्ब्याच्या तेलातील घटक ठळक होते. नगावरचे काळे आवरण राख, काजळी आणि बिब्ब्याचे तेल घोटून केलेले होते आणि ते अलीकडेच नव्याने चढवलेले असावे. वरून ते वाळून कडक झाले होते, म्हणून नुसते हातात धरून बाधत नसे; खरवडल्यावर आतले तेल मोकळे झाले.

इथे थांबता आले असते. पण उद्या कोर्टात प्रश्न येणार होता, की मग किट लाल का झाले? मी बाजारातून आयुर्वेदिक दुकानातले बिब्बे आणवले. त्याच प्रकारचे किट भांडारातून घेतले. एकावर बिब्ब्याच्या तेलाचा थेंब टाकला. काही सेकंदांत लाल. कोऱ्या किटवर काहीच नाही. मोठ्या सरांना दोन्ही दाखवली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली.

“आवरण झालं. आतलं काय? त्यांनी कापायला सांगितलंय.”

“पाण्यात तोलते, सर.”

“म्हणजे?”

“वस्तू हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची. फरकावरून आकारमान मिळतं, त्यावरून घनता. मामांच्या ब्लेडने एका जागी दगडापर्यंत खाच पडली आहे. तिथे आवरणाची जाडी मोजता येते. आवरण वजा केलं की गाभ्याची घनता उरते.”

“आणि आत पोकळी करून काही भरलं असेल तर?”

“घनता खाली येईल. चरसाची दगडाच्या निम्मीही नसते.”

“शाळेतला प्रयोग आहे हा.”

“हो, सर. नववीचा.”

ते हसले नाहीत. “चुकलं तर नववीत परत बसवतील तुला. कर.”

मी गोळा बारीक दोऱ्याने बांधून डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडला. तीन वेळा तोलला. गाभ्याची घनता दर वेळी साध्या एकसंध दगडाइतकी आली. पोकळीला जागा नव्हती. मी अहवालात लिहिले, की नग कापणे शास्त्रीयदृष्ट्या अनावश्यक आहे आणि कापल्यास तो कायमचा नष्ट होईल. उपनिरीक्षकांना फोनवर कळवले.

“पण किट…” ते म्हणाले.

“किट बिब्ब्याला लाल होतं. फोटो जोडले आहेत.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “मॅडम, मोहिमेच्या आकड्यात ही केस वर गेली आहे. आता खाली कशी आणू?”

याचे उत्तर माझ्या अखत्यारीत नव्हते. त्यांच्याही नव्हते, असे मला आज वाटते.

अहवाल पोचताच अप्पांच्या वकिलांनी कोर्टात अर्ज दिला. वस्तू परत करण्याचा आदेश निघाला. ती घ्यायला तेच हवालदार आले. सोबत जंगमस्वामी, उमरीची लेक आणि तिच्या खांद्यावर हात टाकून स्वतः अप्पा. दवाखान्याने सोडले नव्हते. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून आले होते. डाव्या पायाला जाड पट्टी होती. जुनी जखम उपाशी दिवसांत चिघळली होती आणि दोन बोटे काढावी लागली होती.

मी डबी टेबलावर ठेवली. हवालदार दोन पावले मागे सरले. “मी हात लावत न्हाई. स्वामींकडं द्या.”

“आत्ता सुचलं व्हय?” लेक म्हणाली. हवालदारांनी मान खाली घातली.

अप्पांनी मला विचारले, “फोडलं न्हाई ना, बाई?”

“नाही, अप्पा.”

“पाण्यात घातलं म्हणं.”

“हो. तोलायला.”

“कसलं पाणी?”

“वाफ करून शुद्ध केलेलं. प्रयोगशाळेतलं.”

त्यांनी स्वामींकडे पाहिले. स्वामींनी मान डोलावली. “चालतंय.”

“एवढा खाचा कुणी केला?” अप्पांनी अंगठा त्या जागेवर धरला. “भरून घेऊ,” ते स्वतःशीच म्हणाले. “बसमधी मी न्हाई म्हणलो, त्यात माझं काय चुकलं, तेवढं लिहिलंय का तुमच्या कागदात?”

“माझ्या कागदात ते येत नाही, अप्पा.”

“मग कुणाच्या येतं?”

खटला मागे घेतला गेला. झडतीची चौकशी झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. उपनिरीक्षकांची बदली नेहमीच्या बदल्यांत झाली. मोहीम संपली तेव्हा जाहीर झालेल्या आकड्यात अप्पांची केस होती की नव्हती, हे विचारूनही मला समजले नाही. निबंध मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. या कामातून मी एक गोष्ट शिकले : संशयाची चाचणी दोन मिनिटांत होते आणि तो मागे घेण्याची पद्धत कोणी शिकवत नाही.

नियमाप्रमाणे वस्तू परत देताना तोलून द्यायची असते. त्या दिवशी, ते निघण्याआधी, मी अप्पांना काट्याजवळ बसवले आणि आकडा त्यांना दिसेल असा काटा वळवला. त्यांनी गोळा स्वतःच्या हाताने तबकडीवर ठेवला. आकडे हलले, स्थिर झाले. मी लिहिले : ६१.४२ ग्रॅम.