व्हर्नाच्या गॅरेजचं दार

व्हर्ना केम्पाइनननं हॅनकॉक गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला. नवरा गेल्यावर तिनं त्याची मोटार विकली आणि रिकाम्या गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी आणि गुडघ्याएवढं उंच स्टीलचं पातेलं मांडलं. ती हिवाळाभर घरची बियर करायची. मी समोरच राहते, म्हणून पहिली बाटली माझी.

शेगडी पेटली की मोठं दार कंबरेइतकं वर, बाजूचं दार उघडं आणि भिंतीवर विषारी वायूचा अलार्म चालू. यात ती कुणाचं ऐकत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी पारा शून्याच्या खाली अठरावर होता आणि गावालगतच्या सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. तिचा धाकटा दीर रोली मदतीला आला होता.

"वहिनी, अख्खं हॅनकॉक तापवायचं ठरवलंयस का?"

"थंडी वाजत असेल तर घरी जा. नाहीतर पातेल्याकडे बघ, उतू जाऊ देऊ नकोस. आणि दारांना हात लावायचा नाही."

"हो हो, हेडबाई!"

कडवटपणासाठी घालायच्या फुलांची पुडी आणायला व्हर्ना घरात गेली, तेवढ्यात लेकीचा फोन आला. बोलता बोलता अर्धा तास गेला. फोन ठेवून तिनं खिडकीतून पाहिलं, तर गॅरेजचं मोठं दार खाली आलेलं आणि काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या.

ती चपलेवरच बर्फातून धावली. वाऱ्यानं आपटत होतं म्हणून रोलीनं बाजूचं दारही आतून कडी घालून बंद केलं होतं. मोठं दार उचलायला गेली, तर ते हलेना. आतली वाफ खालच्या रबरावर गोठून दार जमिनीला चिकटलं होतं.

"रोली! रोली, कडी काढ!"

ती दारावर मुठी आपटू लागली.

मी माझ्या दारातला बर्फ काढत होते. तिची हाक ऐकून फावडं घेऊनच धावले.

"आयली, कडेनं घाव घाल! जोरात!" ती मला म्हणाली.

मी मारत राहिले. बर्फाच्या कपच्या तोंडावर उडत होत्या, पण दार ढिम्म. व्हर्नानं माझ्या हातातून फावडं ओढून घेतलं, पातं खाली खुपसलं आणि त्यावर सगळं अंग टाकलं. कडाडकन आवाज झाला. आम्ही दोघींनी दार वर ढकललं.

निळी असायला हवी ती ज्योत पिवळी झाली होती आणि पातेल्यावर काजळी चढली होती. रोली उपड्या बादलीवर बसलेला, हनुवटी छातीवर टेकलेली.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. पण ती श्वास कोंडून आत शिरलीच. दारालगतच्या सिलिंडरचा कॉक फिरवला आणि रोलीची कॉलर धरून त्याला ओढू लागली. उंबऱ्याशी मी त्याचे हात धरले. आम्ही त्याला बर्फावर आणलं आणि मी मदतीला फोन केला.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. "वहिनी... डोकं फुटतंय." मग तो भडाभडा ओकला. "उतू नाही गेलं ना?"

"गप्प बस. श्वास घे."

रुग्णवाहिकेनं त्याला ऑक्सिजन लावून नेलं. दोन दिवस तो इस्पितळात होता. अलार्म ओरडला होता, त्यानं नंतर कबूल केलं. थंडीनं बिघडला असं वाटून त्यानंच बॅटरी काढली होती.

"अलार्म ओरडला की आधी बाहेर पळायचं," व्हर्ना म्हणाली. "बिघडलाय का ते बाहेर उभं राहून ठरवायचं." आणि त्याच्या पलंगाच्या कडेला बसून रडली.

आता ती उघड्यावर, घरापासून लांब, वाऱ्याला फळीचा आडोसा करून शेगडी पेटवते. रोली येतो, पण पातेलं उकळत असताना दोघंही फारसं बोलत नाहीत.

परवा आम्ही दोघी सौनात, वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, बसलो होतो. तापलेल्या दगडांवर पाणी ओतताना ती एकदम थांबली.

"आयली, मी आधी गॅस का बंद केला? त्याला का नाही धरलं?"

"गॅस वाटेतच होता. दोन सेकंद गेले असतील."

"दोनच होते का?"

मी हो म्हटलं. तिला ते पटलं असं वाटलं नाही.