एकाच हाकेचं गाणं

पोलादपूरच्या वर, घाटरस्त्याच्या कडेला भागोजीची चहाची टपरी आहे. तिथे चहा हवा असेल तर तीनदा मागावा लागतो. पहिल्या हाकेला तो मान वर करत नाही, दुसरीला हातातलं फडकं ठेवतो आणि तिसरीला म्हणतो, "ओ." गिऱ्हाईकं त्याला बहिरा समजतात. पन्नाशीच्या या माणसाचे कान चांगले तिखट आहेत. वर डोंगरात धोंडा सुटला तरी आधी त्याला ऐकू येतं.

ही खोड त्याला आईने लावली. ठमाबाई टपरीच्या डोक्यावरच्या वाडीत एकटी राहायची. म्हशीला सोडून खाली यायची नाही म्हणजे नाही. दुपारी भाकरी झाली की बांधावर उभी राहून लेकाला हाक मारायची, मोजून तीनदा. "रानातून एक हाक आली तर वळायचा नाय," ती लहानपणापासून सांगत आली होती. "ती तसली हाक, भुताखेताची. तीन झाल्या की समजायचा, आपला मानूस हाय." भागोजीने आईचं दुसरं काही ऐकलं नसेल, पण एवढं ऐकलं.

चार वर्षांपूर्वीच्या जुलैत, पाऊस तीन दिवस हटत नव्हता तेव्हा, भर दुपारी वरून हाक आली. "भागोजी रेऽऽ." त्याने स्टोव्ह बंद केला आणि दुसरीची वाट बघत उभा राहिला. दुसरी आलीच नाही. आला तो डोंगराचा आवाज.

ठमाबाई तिसऱ्या दिवशी वाडीवरच्या ढिगाऱ्याखाली सापडली. ती हाक त्याने कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. लोक म्हणाले असते, गेला असतास तर तूही गेला असतास. आणि ते त्याला ऐकायचं नव्हतं. त्यानंतर तो वाडीच्या वाटेला एकदाही फिरकला नाही.

हे सगळं कसंबसं मनाच्या तळाशी बसत होतं, तोच गेल्या वर्षी ते गाणं आलं. मुंबईच्या कुठल्याशा रॉक बँडचं. आधी गिटारची नुसती घरघर, मग सगळं एकदम थांबतं आणि एका म्हातारीची हाक येते, "भागोजी रेऽऽ." एकदाच. त्यावर ड्रम कोसळतात. गाणं इतकं चाललं की महाडच्या कॉलेजातली पोरं एकमेकांना त्याच हाकेने बोलवू लागली. पर्यटक घाटात गाडी थांबवून दरीत तशी आरोळी ठोकायचे. पाटीवर 'भागोजी टी स्टॉल' वाचून फोटो काढायचे आणि विचारायचे, गाण्यावरून नाव ठेवलंत का? आता यांना काय सांगणार, कपाळ?

आईने एकदा सांगितलं होतं खरं, "ममईची पोरा आली व्हती, माझा आवाज घेऊन गेली." त्याने कानाआड केलं होतं. आता प्रत्येक गाडीतून आई एकदाच हाक मारत होती आणि तो प्रत्येक वेळी स्टोव्हपाशी उभा राहून दुसरीची वाट बघत होता. बायको बयाबाई म्हणायची, "आवो, चा उतू जातोय." त्याचं लक्ष नसायचं.

मार्गशीर्षात एक मुलगी टपरीवर आली. पाटी वाचून थबकली. सेजल, त्याच बँडची गायिका. "काका, त्या आजी... तुमच्या कोण?"

"आय माझी."

ती वाडीकडे जाणारी वाट विचारायला आली होती. वाडी आता नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ऐकून ती बाकड्यावर बसली. म्हणाली, वाईट वाटत असेल तर गाणं काढून टाकते. भागोजीने नको म्हणून मान हलवली. मग त्याने विचारलं, "तिनं येकच हाक मारली व्हती काय?"

"नाही हो, तीन. आम्ही एकच घेतली. सगळं आहे माझ्याकडे."

तिने फोन बाकड्यावर ठेवला. आधी वारा, मग म्हशीच्या गळ्यातली घंटा. मग पहिली हाक. भागोजीने बाकड्याची कड घट्ट धरली. दुसरी आली. चार वर्षांनी आली. तिसरी आली आणि त्याने 'ओ' द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोनमधूनच, खूप खालून, बारीकसं उत्तर आलं, "ओऽऽ! आलो गो आयेऽऽ!"

त्याचाच आवाज होता. मग फोनच्या अगदी जवळ ठमाबाई कोणाला तरी समाधानाने म्हणाली, "आयकलान. येल आता."

पुढे नुसती घंटा वाजत राहिली. ती थांबेपर्यंत दोघं बसून होती. भागोजी पोटभर रडला, लपवलं नाही.

"आवो," मागच्या चुलीपाशी बसलेल्या बयाबाईने हाक मारली. तिला पुढच्या दोन हाका मारायची सवय झाली होती, म्हणून ती श्वास घेत होती.

"ओ," भागोजी म्हणाला. "टपरी बघ जरा. मी वर जाऊन येतो."