दमलेला स्क्रीन

शिवाजी पेठेतल्या शांभवीने इचलकरंजीच्या यंत्रमागांवरच्या स्क्रीनचा कोड लिहिला होता. वर्षभर तक्रार नाही. मग कळलं, स्क्रीन रोज गोठतो आणि माग दुरुस्त करणारे जॉबर सिद्धरामआण्णा पाळी बदलताना तो बंद करून पुन्हा चालू करतात!

"सांगितलं का न्हाई?" ती भडकली.

"बारा तासांनी आमी दमतो, ते यंत्र बी दमत असंल की!"

"आता बटणाला कुणी हात लावायचा न्हाई!"

ती मागाशेजारीच ठाण मांडून बसली. धागा तुटला की स्क्रीनवर नवं चित्र यायचं, पण जुनं मेमरीतून जातच नव्हतं; मेमरी भरली की स्क्रीन गोठायचा. स्वतःलाच शिवी हासडत तिने कोड सुधारला.

तीन दिवस स्क्रीन गोठला नाही.

"आता दमत न्हाई व्हय?" आण्णांनी विचारलं.

"दमत नव्हतंच, आण्णा. त्याच्या डोक्यावरलं ओझं उतरवायचं माझ्याकडनंच ऱ्हायलंतं."