पोलीस पाटलाची मुसाफिरवही

करंजटोल्याचे पोलीस पाटील कृष्णराव लांजेवार यांच्या बैठकीत, दाराच्या अगदी समोर, काचेच्या चौकटीत बसवलेला एक कागद पंधरा वर्षे टांगलेला होता. परक्या इसमांची खबर तत्परतेने दिल्याबद्दल ठाणेदारांनी १९७१ साली त्यांना दिलेले ते शाबासकीचे पत्र होते. बैठकीत आलेल्या पाहुण्याची नजर आधी त्या कागदावर जाई, मग कृष्णरावांवर. कृष्णराव तेवढा वेळ थांबत आणि मगच आतल्या दिशेने चहाची हाक देत.

ती तत्परता खोटी होती. हे त्यांच्याखेरीज एकट्या गिरजाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ठाऊक होते.

पोलीस पाटलाकडे एक मुसाफिरवही असे. गावात परका माणूस वस्तीला आला की त्याचे नाव, मूळ ठिकाण आणि येण्याची तारीख तीत मांडायची आणि त्याच दिवशी ठाण्यात खबर पोचवायची, असा नियम होता. कृष्णराव नियमाचे पक्के. कासाराची गाडी दोन रात्री थांबली तरी ते वहीत लिहीत. सख्खा मेहुणा मुक्कामाला आला तेव्हा त्याचेही नाव त्यांनी लिहिले आणि त्यावरून गिरजाबाईंनी दोन दिवस अबोला धरला.

अशा माणसाच्या हातून नियम एकदाच मोडला. १९७० च्या पावसाळ्यात गावच्या मालगुजारी तलावाची पाळ तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडण्याच्या तोंडाशी, फुटली. पुढच्या पावसाआधी ती बांधली नाही, तर तलावाखालच्या साऱ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, कोरड्या राहणार होत्या. गावची तरणी माणसे मात्र चिखल्याच्या मँगनीज खाणीत रोजीने लागलेली. अशा वेळी माघ महिन्यात नऊ बंगाली कुटुंबे तुमसर रोड स्टेशनावर उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन, पायी चालत करंजटोल्याला आली. सीमेपलीकडून आलेली ती माणसे. रायपूरकडच्या छावणीत त्यांना जागा मिळाली नव्हती. त्यांचा म्होरक्या खगेन हालदार याने तुटक्या हिंदीत एवढेच विचारले, "काम मिलेगा, बाबू?"

काम होते. नऊ घरची माणसे मोहाच्या झाडांखाली झोपड्या घालून राहिली आणि पाळीवर माती टाकू लागली. खबर दिली असती, तर ठाण्याने त्यांना दुसऱ्याच दिवशी हलवले असते. कृष्णरावांची स्वतःची चार एकर धानाची जमीन त्याच तुडुमाखाली होती. त्यांनी खबर दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ असे करता करता वैशाख उजाडला आणि पाळ पुरी झाली.

मे महिन्यात वरून हुकूम आला की सीमेपलीकडून आलेल्यांची मोजदाद तात्काळ पाठवावी. तीन महिने खबर का दाबली, हा प्रश्न आता येणारच होता. त्यांनी वही उघडली, नऊ घरांची नावे सुवाच्य अक्षरात मांडली आणि येण्याच्या रकान्यात लिहिले, ‘आज रोजी, ता. ६ मे १९७१, सकाळी.’ खबर दुपारी ठाण्यात पोचली आणि महिन्याभराने शाबासकीचे पत्र आले.

एका तारखेने काय बिघडते, असे त्यांना तेव्हा वाटले असावे. त्याच वर्षाअखेर सीमेपलीकडची लढाई संपली आणि पुढच्या वर्षी सरकारने ठरवले की १९७१ च्या पंचवीस मार्चनंतर आलेल्यांनी परत जायचे. त्याआधीच्यांचे पुढे पाहता येईल. करंजटोल्यात मात्र कोणी वही मागायला आले नाही. त्याचे कारण बाबूलाल. तो गावचा दुकानदार; त्या साली ग्रामपंचायतीला उभा राहिला होता, डोळा सरपंचपदावर. त्याने तुमसरला दोन खेपा घातल्या, कोणाकोणाला भेटला आणि नऊ घरांची एकतीस नावे मतदारयादीत बसवून आला. तो एकोणीस मतांनी निवडून आला आणि सरपंच झाला.

"आपलेच लोक होत ना जी हे," तो चावडीवर म्हणे. "पाळीवर ज्यानं माती टाकली, तो गावचा."

हा गावचा जुना दंडकच होता. दर माघात घरटी माणूस पाळीवर मातीच्या टोपल्या टाकी, आणि पाण्याची वाटणी पाहणारा पाणकर सुखराम त्या त्या घराच्या नावाने चुन्याच्या रेघा ओढी. रेघ नाही त्याला पाणी नाही. या कामातून पोलीस पाटलाचे घर तेवढे माफ होते.

बारा वर्षे सुरळीत गेली. बंगाल्यांनी तलावात मासळीचे बीज सोडले, बांध्या अर्धेलीने केल्या आणि गावची बोली उचलली. मग बाबूलालने तलावाची मासळी तुमसरच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. १९८४ च्या निवडणुकीत एकतीस मते भोजराज नावाच्या त्याच्या विरोधकाकडे गेली आणि बाबूलाल चोवीस मतांनी पडला.

याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला परकीयांच्या प्रश्नावरून मोठे आंदोलन चालू होते. त्यावर करार झाला आणि पंचवीस मार्च ही तारीख पुन्हा वर्तमानपत्रात छापून येऊ लागली. नियम नवा नव्हता. तो वापरण्याची इच्छा नवी होती. बाबूलालने वर्तमानपत्र वाचले, ठाण्यातून १९७१ च्या खबरीची नक्कल काढली आणि एकतीस नावांवर हरकत घेतली. १९८६ च्या फेब्रुवारीत नायब तहसीलदार चावडीवर येऊन चौकशी करणार, असे ठरले. नावे गेली असती, तर रेशनकार्डे गेली असती. आणि त्यामागून बाहेर काढण्याचा हुकूम येण्यास वेळ लागला नसता.

चौकशीच्या आदल्या दिवशी सकाळीच बाबूलाल कृष्णरावांकडे आला. भिंतीवरच्या कागदाकडे त्याने कौतुकाने पाहिले.

"पाटील, तुमाले काहीच कराचं नाई. साहेब विचारतील, अक्षर कोणाचं? माझं म्हना अन् बसा खाली. यात खोटं का आहे?"

"खोटं काही नाही," कृष्णराव म्हणाले. घरातही ते पुस्तकी बोलत.

"मंग झालं तर! तुमची तीन वर्षं रायली नोकरीची. मानानं उतरा जी."

तो गेल्यावर आतून गिरजाबाईंचा आवाज आला, "मानानं उतरा म्हनते! याच तोंडानं त्या लोकाइचे नावं लिहून आनले होते यानं."

"तुम्ही यात पडू नका."

"मी कायले पडू? माह्या भावाचं नाव लिवलं होतं ना वहीत, आला त्याच दिवशी? त्याची तारीख बराबर. अन् ज्याइनं तुमची बांधी वाचवली, त्याइची तेवढी चुकली!"

कृष्णराव चष्मा पुसत बसले.

दुपारी खगेन आला. आता त्याचे केस पिकले होते. तो ओट्यावर न बसता अंगणातच उभा राहिला.

"पाटीलबाबू, एकच गोष्ट पुसाची होती. सामान बांधाचं का?"

"चौकशी व्हायची आहे अजून."

"ते होईल. पण रोपाचे परे टाकाले बी भिजवाचं का नाई, हे आता ठरवा लागते. उन्हाळी धान आहे, बाबू. भिजवलेलं बी संगं नेता येत नाई."

वहीत काय लिहिले आहे, हे बाबूलालने साऱ्या गावाला सांगितले होते. खगेनने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. कृष्णराव तलावाच्या दिशेने पाहत म्हणाले, "भिजवा."

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. नायब तहसीलदारांपुढे पहिली साक्ष सुखराम पाणकराची झाली.

"साहेब, हे लोक माघात आले. पाळीवर मीच रेघा ओढल्या याइच्या."

"त्या रेघा कुठे आहेत?"

"दिवाळीले भिंत सारवते ना बायको! पंधरा वर्षं कोन ठेवते जी रेघा?"

चावडी हसली. साहेबही किंचित हसले; पण म्हणाले, "तोंडी साक्ष लिहून घेतो. सरकारी वहीपुढे ती कितपत टिकेल, हे सांगता येत नाही." मग त्यांनी कृष्णरावांना पुढे बोलावले. वही उघडून समोर ठेवली होती.

"हे अक्षर तुमचं?"

"होय, माझं."

बाबूलालने पान तोंडात घातले. साहेब पुढचा कागद उलटणार, तोच कृष्णराव म्हणाले, "अक्षर खरं आहे, साहेब. तारीख खोटी आहे."

"म्हणजे?"

"हे लोक जानेवारीच्या शेवटी आले. मार्चमध्ये लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा मतपेट्यांची बैलगाडी फुटलेल्या पाळीत अडकली होती. ती याच खगेन हालदारने आणि त्याच्या माणसांनी खांदा लावून बाहेर काढली. मी तिथे उभा होतो. खबर मी तीन महिने दिली नाही, कारण पाळीला माणसं हवी होती आणि पाळीखाली माझीही जमीन आहे. मेमध्ये हुकूम आला, तेव्हा उशीर दिसू नये म्हणून मी ‘आज रोजी’ असं लिहिलं."

"पाटील, याचा परिणाम तुम्हाला ठाऊक आहे?"

"नियम मला पाठ आहेत. जबाब लिहून घ्यावा; मी सही करतो."

"पंधरा वर्षांनी आठोन आली का पाटलाले?" बाबूलाल मागून ओरडला.

"आठवण होतीच," कृष्णराव वळून म्हणाले. "ते विचारायला मात्र आजच कोणी आलं."

मतपेटीच्या गाडीबरोबर त्या वेळी असलेला एक शिक्षक अजून हयात होता. त्याने जबाबाला दुजोरा दिला. एकतीस नावे यादीत राहिली. सरकारी वहीत जाणूनबुजून खोटी नोंद केल्याबद्दल कृष्णरावांना जूनमध्ये पदावरून काढण्यात आले आणि त्यांच्या जागी बाबूलालचा पुतण्या नेमला गेला. वही आणि शिक्का कृष्णरावांनी स्वतः त्याच्या स्वाधीन केला आणि रीतसर पावती घेतली. भिंतीवरची चौकट त्यांनीच उतरवली. काच चांगली होती म्हणून गिरजाबाईंनी तीत देवीचे चित्र बसवले.

पुढच्या निवडणुकीला वेळ होता. तरी दसऱ्याला बाबूलाल सोने वाटण्याच्या निमित्ताने बंगाली टोलीवर जाऊन आलाच. "आपलेच लोक होत ना जी," असे तो तिथे म्हणाल्याचे सुखरामने सांगितले.

माघ आला. पाटीलकी गेल्यामुळे माफीही गेली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी कृष्णराव पहिल्यांदाच टोपली घेऊन पाळीवर चढले. धोतर वर खोचायची सवय नसल्याने ते दोनदा सुटले. खाली माती भरून देणारा खगेन होता. तो टोपली अर्धीच भरू लागला.

"पूर्ण भरा," कृष्णराव म्हणाले.

"जड होईल, बाबू."

"सगळ्यांची भरता तशी भरा."

पहिली टोपली पाळीवर ओतून ते सुखरामच्या ओसरीवर गेले. सुखरामने बोट चुन्यात बुडवले आणि भिंतीवर लांजेवारांच्या घराची पहिली रेघ ओढली.

"खाली आजची तारीख घाला," कृष्णराव म्हणाले.

"तारीख कायले पायजे जी? माती पडली ना?"

कृष्णरावांनी त्याच्याकडे पाहिले, रेघेकडे पाहिले आणि टोपली उचलून ते दुसऱ्या खेपेला निघाले.