पडद्यावरच्या सलामाला जवाब

शुक्रवारी दुपारी मला कुणी फोन करायचा नाही, असा माझा नियम होता. तसाही कुणी करत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

सोलापूरच्या एसटी आगारात आरक्षणाच्या खिडकीवर बसून मी जन्मभर लोकांवर खेकसले. निवृत्त झाले तेव्हा नवरा जाऊन वर्षं झालेली, पोरबाळ नाही. मग खेकसायलाही कुणी उरलं नाही. समोरच्या दारात खाला, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, राहायच्या, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. काचबिंदूनं त्यांची नजर गेलेली, नुसता उजेड हललेला कळायचा. त्यांना जुन्या उर्दू सिनेमांचं भारी वेड. माझ्याकडे टीव्ही मोठा, डोळे धड, पण त्या सिनेमांतलं उर्दू माझ्या डोक्यावरून जायचं. आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट असते ना, तशी आमची जोडी जमली.

दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून त्या यायच्या. मी सांगायची, "जिना उतरतीय. शरारा सावरत."

"रंग कौनसा?"

"काळापांढरा सिनेमा हाय की खाला, रंग कुठला आणू?"

"फिर बी. तुमकू क्या लगता?"

"हिरवा."

"हौ. हिरवाच होगा."

मग नायक लांबलचक काहीतरी बोलायचा. त्यातलं मला 'हुजूर' तेवढं समजायचं. खाला सांगायच्या, "कुछ नै बाई. उसकू जाने का नै, पन बोलता नै." एवढ्या मोठ्या भाषणाचं एवढंच! मला लई हसू यायचं.

एका गोष्टीचा मात्र राग यायचा. पडद्यावर कुणी सलाम केला की खाला खुर्चीतून "वालेकुम अस्सलाम" म्हणायच्या. प्रत्येकाला. मैफलीचा प्रसंग असला तर बघायलाच नको. पाहुणे एकेक करून आत येणार, ह्या एकेकाला उत्तर देणार, आणि तेवढ्यात कामाचं बोलणं निघून जाणार.

"अहो, तो नट कधीच वर गेला असेल," मी वैतागून म्हणायची. "त्याला काय ऐकू जातंय?"

"उने सलाम किया ना? जवाब देनाच पडता. नै तो घर में कोई हय, उसकू कैसा समजेगा?"

"आणि खलनायकालासुद्धा?"

"उसकू बी. पैले सलाम, फिर गाली." आणि शिव्या खरंच द्यायच्या, अगदी अस्सल!

रमजानच्या तोंडावर त्यांचा मुलगा आला. त्यांना हैदराबादला घेऊन जायला. त्या दिवशी आमचा सिनेमा अर्ध्यातच राहिला. नायक घर सोडून निघालेला, नायिका खिडकीत. खाला उठता उठता म्हणाल्या, "ईद करके आती मैं. मेरे बगैर देखना नक्को. उने वापस आता की नै, दोनो मिलके देखेंगे."

मी तो सिनेमा तसाच ठेवला. दुसराही लावला नाही. ईद झाली, बकरी ईद झाली, समोरचं कुलूप तसंच. रोज सकाळी दूध घेताना माझी नजर त्या कुलपावर जायची, आणि स्वतःचाच राग यायचा. म्हातारपणी हे काय नवीन खूळ!

शेवटी मीच फोन लावला. खालांनी सुनेचं सांगितलं, नातवंडांचं सांगितलं, तिथल्या पाण्याचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. बराच वेळ बोलल्या. मग विचारलं, "पिच्चर देखे क्या?"

"नाही हो. तुमच्यासाठी ठेवलाय की."

 

"देख लेव बाई तुम," त्या म्हणाल्या.

एवढं सगळं बोलल्या, पण अर्थ लावायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते. खाला येणार नव्हत्या. पण बोलत नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी सिनेमा लावला. अर्धं समजत नव्हतं. त्यांची खुर्ची मी मुद्दाम आत नेऊन ठेवली, मग परत बाहेर आणली. शेवटाला तो आला बाई! दाढी वाढलेली, कोट फाटका. उंबऱ्यात उभा राहिला, "अस्सलामु अलैकुम" म्हणाला. नायिका पाठमोरी. ती बोलेना. मीही सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे कान लावून बसले.

तो उभाच. घरात कुणी आहे, हे त्याला कळायला नको?

"वालेकुम अस्सलाम," मी म्हणाले.

आवाज घोगरा निघाला. सकाळपासून तोंड उघडलंच नव्हतं ना.