पेपर वाचायचा मान

मला पुण्याला पाठवलं, तेव्हा स्टँडवर माझे वडील, आबा, एवढंच म्हणाले, "हितं ऱ्हाऊन काय करणार? मामाकडं जा, हाताला काम शीक." मी दहावीला दोनदा नापास झालो होतो. शेजारी धाकटा भाऊ सतीश एसटीची पाटी मोठ्यानं वाचत होता, इस्लामपूर, कराड, सातारा, सगळं एका दमात. मला आबांचा राग आला नाही, त्याचा आला. वाचता येणारा घरात आणि न येणारा परमुलखात, हा कुठला न्याय?

गाव सोडलेले तुम्ही सगळे कशासाठी झुरता, ठाऊक नाही. कुणी तांबड्या रश्श्यासाठी झुरत असेल. मी झुरलो सकाळच्या पेपरासाठी. गावी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी चहाबरोबर पेपर मोठ्यानं वाचायची रीत. आमच्याकडं तालमींचे फुटबॉलचेही संघ असतात; आमच्या तालमीची मॅच आदल्या दिवशी सगळ्यांनी मैदानावर बसून पाहिलेली असायची, तरी पेपरातून ऐकल्याशिवाय आबांना ती जिंकल्यासारखी वाटायची नाही. वाचायचा मान सतीशचा. मी कपबश्या उचलायचो.

पुण्यात वर्कशॉप, लग्न, फ्लॅट, सगळं झालं. मग लेकीच्या शाळेतल्या मॅडमनी सांगितलं, तिला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं जुळवायला वेळ लागतो, बुद्धीशी त्याचा संबंध नाही. "घरात आणखी कुणाला?" त्यांनी विचारलं, तर बायकोनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या ढपणाचं खरं नाव मला असं चाळिशीत कळलं. लेकीला परीक्षेत जादा वेळ मिळतो, मॅडम शेजारी बसून शिकवतात. पोटच्या पोरीवर जळणारा बाप पाहिला नसेल, तर मला बघून घ्या.

आता आबांची नजर गेली आहे. सतीश रोज त्यांना पेपर वाचून दाखवतो. फोनवर मागून त्याचा आवाज आला की माझ्या पोटात दुखतं.

गेल्या सुट्टीत घरी गेलो होतो. सतीश दूध आणायला बाहेर पडला होता. आबांनी पेपर चाचपून माझ्यापुढं धरला. "कालची मॅच वाच की."

"सतीश येऊ दे."

"का? तुला काय धाड भरलीया?"

ओळीखाली बोट धरून, शब्द फोडत, अडलो की मागं जात वाचलं. कान तापले होते. एका गोलापाशी पोचेपर्यंत चहा गार झाला. आबा मान तिरकी करून ऐकत राहिले.

"असं वाचावं," ते म्हणाले. "सतीश लई पळवतो. पास कुणी दिला, गोल कुणी मारला, कायबी कळत न्हाय. आज समदी मॅच दिसली बघ."

सतीश किटली घेऊन दारात उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी मी पुण्याला परतलो. सतीशची बायको परवा फोनवर सांगत होती, "भावजी, आबा रोज ह्यांच्यावर खेकसत्यात, थोरल्यासारखं वाच म्हणून. मग ह्येबी सावकाश वाचत्यात." माझं घर आता तिथं आहे, जिथं रोज सकाळी कुणीतरी माझ्यासारखं वाचतं. आणि तो मानसुद्धा सतीशलाच मिळतो.